पावण्याची बाटली

आमच्या दुकानात जी वस्तू मी कधी मनापासून विकली नाही, तीच लोकांनी जन्मभर मागून मागून घेतली. सकाळी फळ्या काढायचा अवकाश, की बाहेरून आवाज यायचा, "दोन पावणं फोड रे." रस्त्यानं जाणारा एखादा परगावचा माणूस हे ऐकून दचकायचा. या पेठेत पाहुण्यांची डोकी फोडायची रीत आहे की काय, असं त्याला वाटायचं. मग कोणीतरी त्याला समजावून सांगायचं की पावणा म्हणजे सोड्याची बाटली, गोळीवाली, आणि फोडायची म्हणजे उघडायची. तो माणूस पोट धरून हसायचा आणि स्वतःही एक पावणा पिऊन जायचा. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही कधी सापडलं नाही.

दुकान मंगळवार पेठेतलं. पुढं दुकान, मधे मशीनची खोली आणि मागं आमचं राहणं. वडिलांनी ते संस्थानच्या काळात काढलं. लेमन, ऑरेंज, साधा सोडा हे सगळं आमच्याकडं होतं, पण ते गावातल्या कुठल्याही सोडावाल्याकडं मिळायचं. वडिलांचं खरं काम म्हणजे जिंजर. चिनी मातीच्या मोठ्या बरणीत ठेचलेलं आलं, गूळ, थोडे मिरे आणि चार लवंगा टाकायच्या, पाणी ओतायचं, तोंडाला फडकं बांधायचं आणि बरणी कोपऱ्यात ठेवून द्यायची. आतून बुडबुडे यायला लागले की ते फडक्यातून गाळायचं. जे निघायचं त्याला आम्ही अर्क म्हणत असू. बाटलीत अर्क घालायचा, वर पाणी, मग बाटली मशीनमध्ये उलटी अडकवून दांडा फिरवायचा. गॅस भरला की काचेची गोळी गळ्याशी येऊन रबराच्या कड्यात घट्ट बसायची.

ती बाटली उघडणं म्हणजे धीराचं काम होतं. गोळी आत गेली की फट् असा आवाज व्हायचा आणि पहिल्या घोटाला घसा पेटायचा. डोळ्यांत पाणी यायचं, कानशिलं गरम व्हायची, आणि मग छातीतून खाली एक ऊब उतरत जायची ती बराच वेळ तिथंच राहायची. पेठेत त्याला जिंजर कोणी म्हणत नसे. 'कडक' म्हणत. वडिलांच्या वेळी दुकानासमोरच्या बाकावर जी म्हातारी मंडळी बसायची, ती कडकशिवाय दुसऱ्या बाटलीकडं बघायचीसुद्धा नाही.

वडिलांनी हौसेनं पाटीवर 'जिंजर बिअर' असं रंगवून घेतलं होतं. साहेबलोक या पेयाला तसंच म्हणतात, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. त्यात झिंग येण्यासारखं काही नव्हतं. पण पुढं दारूबंदी आली आणि एके दिवशी एक जमादार पाटीखाली उभा राहून बराच वेळ वर बघत राहिला. मग आत येऊन त्यानं बरणीत नाक घातलं, सणसणून शिंकला आणि डोळे पुसत म्हणाला, "दारू न्हाय ह्ये खरं. पर त्यो शब्द काढा." वडिलांनी 'बिअर'वर काळा रंग फासला. तेव्हापासून आमच्या पाटीवर जिंजर आणि त्याच्या शेजारी एक काळा चौकोन, एवढंच राहिलं.

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हा वडील गेले. जाण्याआधी त्यांनी मला फार काही सांगितलं नाही. "बाकी काय बी इक, पर कडक मोडू नगंस," एवढंच म्हणाले. मी मान हलवली. त्यात अवघड काय आहे, असं मला वाटलं होतं. बरणी होती, मशीन होतं, बाकावर पिणारी माणसं होती.

त्यानंतर वर्षाच्या आत माझं लग्न झालं. बायको मुरगूडची. आल्या आल्या तिनं घर हातात घेतलं आणि हळूहळू मशीनची खोलीही. बाटल्या धुणं, रबरी कडी बदलणं, साखरेचा पाक करणं, ही कामं तिनं मी न सांगता सुरू केली. कडकचा मात्र तिनं फक्त वास घेतला आणि बाटली परत ठेवली. "ह्ये तुमचं तुमीच प्या," म्हणाली. मला ते थोडं लागलं, पण नवीन नवरी म्हणून मी सोडून दिलं.

पहिल्याच उन्हाळ्यात तिचा धाकटा भाऊ मुराळी म्हणून आला. मुराळी म्हणजे बहिणीला माहेरी न्यायला येणारा माणूस, आणि हा गावच्या जत्रेसाठी तिला न्यायला आला होता. मुरगूडपासून एस्टीत उभा राहून आलेला, अंगावर नवा सदरा, घामानं पाठीला चिकटलेला. पहिल्यांदाच आलेला पाहुणा, तेव्हा मानपान करणं आलं. मी त्याला बाकावर बसवलं, टाकीतल्या गार पाण्यातून कडक काढली आणि स्वतःच्या हातानं फोडून दिली. "घ्या दाजींच्या हातची," असंही म्हणालो.

पहिल्या घोटाला तो थांबला. दुसरा घोट नाकातून बाहेर आला. मग त्याला असा ठसका लागला की बाटलीतली गोळी खडखड वाजायला लागली. बाकावर शेजारच्या तालमीतले वस्ताद बसले होते. पोरांना कुस्ती शिकवायचे, अंगानं दाराएवढे, आणि वडिलांच्या वेळेपासून रोज कडक पिणारे. ते त्याच्या पाठीत थापट्या मारत म्हणाले, "पावणं, श्वास घ्या की. बाटली कुठं पळून चाललीया?" सगळे हसले. मीही हसलो.

बायको आतून आली. भावाच्या हातातली बाटली काढून घेतली आणि आत गेली. थोड्या वेळानं फुलपात्र घेऊन आली. कडकमधली थोडीशी त्यात ओतून तिनं गार पाणी घातलं होतं, साखरेचा पाक टाकला होता आणि वर अख्खं लिंबू पिळलं होतं. भावानं ते एका दमात संपवलं, ओठ पुसले आणि विचारलं, "आक्का, आनि हाय का?"

तेवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण वस्तादांनी ते फुलपात्र वाकून बघितलं, त्याचा वास घेतला आणि हाक मारली, "सूनबाई, पावण्याला दिलीस ती मला बी दे की."

मला वाटलं, थट्टा करतायत. दुसऱ्या दिवशी ते आले, बाकावर बसले आणि म्हणाले, "ती पावण्याची दे." तिसऱ्या दिवशी त्यांच्या तालमीतले चौघे आले आणि त्यांनीही तेच मागितलं. आठवड्याभरात 'पावण्याची बाटली' हे नाव पडलं, आणि महिन्याभरात लोकांनी त्याचा नुसता पावणा केला.

मी चिडलो, पण विरोध केला नाही. त्याला कारण होतं. मी मनाशी एक हिशोब मांडला होता. लहान मुलाला आपण तिखट कसं शिकवतो? आधी ताटात आमटी वाढायची ती वरचा तवंग टाळून, मग थोडा थोडा तवंगासकट, आणि शेवटी ते पोर तांबडा रस्सा वाटीनं पितं. तसंच हे. नवख्या माणसाला आधी पावणा द्यायचा, त्याचा घसा तयार झाला की तो आपल्या पायानं कडककडं येईल. पावणा ही पायरी आहे, देव्हारा नव्हे, असं मी बायकोला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग करू का रोज?" मी म्हणालो, "कर." अर्क माझ्या बरणीतला, पण तो पळीनं घेऊन त्यात पाक, पाणी आणि लिंबू घालायचं काम तिचं. मी ते जिभेला लावणार नाही, हेही तिला सांगून टाकलं. माझ्या वडिलांच्या अर्कात पाणी घालून प्यायची माझी तयारी नव्हती.

मग मी वाट बघायला लागलो. लोक पायरी चढतील म्हणून वाट बघत बसलो, आणि लोक पायरीवरच बिऱ्हाड करून राहिले.

कचेरीतला एक कारकून रोज संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवून एक पावणा प्यायचा. दोन-तीन वर्षं झाल्यावर मी त्याला म्हणालो, "आता एकदा कडक घेऊन बघा." तो म्हणाला, "घेऊ की, सवड झाली की." जणू मी त्याला काशीला चल म्हणत होतो. पुढं त्याची मुलं मोठी झाली, तीही पावणा प्यायला लागली, पण त्याची सवड काही झाली नाही. उचगावचा एक दुकानदार सायकलच्या मागं पेटी बांधून बाटल्या न्यायचा. मी मुद्दाम त्याच्या पेटीत थोड्या कडक घालून द्यायचो. पावणे रिकामे होऊन परत यायचे आणि कडक तशाच्या तशा, धुळीसकट. एकदा तो वैतागून म्हणाला, "मालक, ह्या बाटल्यास्नी उगंच सायकलवरनं फिरवून आनतोय मी."

मी युक्त्या करून बघितल्या. कडक पुढं मांडून ठेवली आणि पावणे मागं. लोक कडकच्या डोक्यावरून हात लांब करून पावणा उचलायचे. एका लग्नात वऱ्हाडासाठी बाटल्या मागवल्या तेव्हा मी निम्म्या कडक पाठवल्या. दुसऱ्या दिवशी मुलीचा बाप दुकानात येऊन मला सगळ्यांसमोर झापून गेला. नवऱ्याच्या मामाला ठसका लागला म्हणे, आणि व्याही रुसले म्हणे. "पावण्यास्नी पावणा द्यायचा सोडून ह्ये काय दिलंयसा?" असं तो ओरडला, आणि बाकावरची मंडळी माना डोलवत राहिली. त्यात वस्तादही होते. वडिलांबरोबर बसून कडक प्यालेला हा माणूस. त्यांच्यावर माझा सगळ्यात जास्त राग होता.

"वस्ताद, तुमी तरी," मी एकदा म्हणालो.

"अरं, घसा बरा वाटतोय ह्यानं," ते म्हणाले. "आनि खरं सांगू का, तुझ्या बापाची कडक प्यायला भीती वाटायची. पर पोरांसमोर न्हाय कसं म्हनायचं?"

हे ऐकून मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते कळलंही नाही.

घरात आमची यावरून जुंपायची. मी म्हणायचो, "मी राबून अर्क काढायचा आनि तू त्यात पानी घालून वाटायचंस." ती पाक ढवळता ढवळता म्हणायची, "पान्यावरच चाललंय घर." हे खोटं नव्हतं, म्हणून जास्त झोंबायचं. दुकानाची पाटी जिंजरची होती, आणि बाहेरून येणारा माणूस नाक्यावर विचारायचा, "त्ये पावण्याचं दुकान कुटं हाय?" वडिलांनी उभं केलेलं दुकान माझ्या मेहुण्याच्या ठसक्याच्या नावानं ओळखलं जात होतं. बाकावरची म्हातारी मंडळी एकेक करत गेली. कडक पिणारा शेवटचा माणूस मीच उरलो, आणि माझ्यानंतर ती बरणी कोणासाठी भरायची, हा विचार बाटली धुता धुतासुद्धा माझी पाठ सोडायचा नाही. वडिलांना दिलेला शब्द मी एकट्यानं पिऊन पाळत होतो.

मग पत्र्याच्या बुचाच्या काळ्या बाटल्या आल्या. मोठ्या कंपन्यांच्या, बर्फाच्या पेटीतून निघणाऱ्या, कागदाची नळी घालून प्यायच्या. गावातले गोळी सोड्याचे कारखाने पटापट बंद पडायला लागले. कोणी मशीन भंगारात घातलं, कोणी पिठाची गिरणी टाकली. त्याच सुमाराला परमिट रूम निघाले, आणि जो शब्द आमच्या पाटीवरून पुसायला लावला होता तो लोकांच्या पाट्यांवर दिव्यांत झळकायला लागला. गिऱ्हाइकं मला काळा चौकोन दाखवून विचारायची, "आता तर लिव्हा की परत." मला वाटलं, या दोन तडाख्यांत पावणा नक्की मरेल. खरं सांगायचं तर मला थोडं बरंही वाटलं. निदान हरलो तर मी आणि पावणा मिळून हरू.

झालं उलटंच. पोरं एक उन्हाळा काळ्या बाटलीमागं गेली आणि पुढच्या उन्हाळ्यात परत आली. "नुसती गोड हाय ती," म्हणाली. परमिट रूममध्ये नव्यानं जायला लागलेला एक जण एकदा बाकावर बसून सांगत होता की बिअर काही त्याला जमली नाही, कडू लागते आणि पोट फुगतं, त्यापेक्षा आपला पावणाच बरा. सगळ्यांनी होकार भरला. मी आत दांडा फिरवत होतो. ज्याला कोणी हलवू शकत नाही असा हा पाहुणा माझ्याच घरात येऊन बसला होता, आणि मीच त्याच्यासाठी गॅस भरत होतो.

त्या काळातल्या एक-दोन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या, पण मी त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. अर्काची बरणी पूर्वीपेक्षा लवकर तळाला जायची. पावणा जास्त खपतोय, आणखी काय, असं म्हणून मी कपाळाला आठ्या घालून नवी बरणी लावायचो. आणि दारावर लिंबंवाली बाई यायची, ती यायची बंद झाली. तिनं धंदा बदलला असेल, असं मी धरून चाललो.

शेवटी एका उन्हाळ्यात माझं डोकं फिरलं. एका पुठ्ठ्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पावणा बंद आहे. कडक मिळेल.' तो पुठ्ठा दारावर टांगला. बायको म्हणाली, "कशाला नसतं काढताय?" मी म्हणालो, "एकदाचा निकाल लागू दे." तिनं पदर खोचला आणि बाटल्या धुवायला गेली. तिच्या तोंडावर काळजी नव्हती, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं.

पहिले आले ते वस्ताद. आता केस पांढरे झालेले, गुडघे धरलेले. त्यांनी पुठ्ठा वाचला, 'बरं' म्हणाले आणि बाकावर बसले. मी कडक फोडून त्यांच्या हातात दिली आणि समोर उभा राहिलो. इतकी वर्षं मी या घोटाची वाट बघत होतो. घसा पेटेल, डोळ्यांत पाणी येईल, आणि मग ते मान हलवून म्हणतील, व्हय, हीच ती.

त्यांनी एक घोट घेतला. दुसरा घेतला. मग बाटली वर धरून, पाणी प्यावं तशी सगळी संपवली. बाटली बाकावर ठेवून म्हणाले, "पावणाच की ह्यो. बंद केलाय म्हनून लिव्हलंयस न्हवं?"

"कडक हाय ती, वस्ताद."

"ही?" ते हसले. "तुझ्या बापाची कडक काय हुती, गड्या. कानातनं धूर निघायचा. ही न्हवं ती."

त्या दिवशी जो आला त्यानं कडक घेतली, शांतपणे प्याली, आणि बाटली ठेवून चालता झाला. एकालाही ठसका लागला नाही. दोघातिघांनी मला, पावणा बंद नाही केलास ते बरं केलंस, असंही सांगितलं. संध्याकाळी मीच पुठ्ठा काढून टाकला.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. इतके दिवस मी लोकांवर चिडत होतो, आता माझा माझ्या हातावरचा विश्वास उडाला. मी रोज कडक प्यायचो आणि ती मला कडकच लागायची, पण मी काय, सवयीचा माणूस. माझ्या हातून वडिलांचा अर्क केव्हा उतरत गेला असेल, आल्यात काही चुकत होतं की गुळात, काही कळेना. बाजारात जाऊन मी सातारी आलं शोधून आणलं. पुढची बरणी लावताना आलं जास्त ठेचलं, मिरे वाढवले. ती उघडली तेव्हा वासानं माझंच नाक चुरचुरलं. त्याचे पावणे झाले, कडक झाली, सगळं मांडून ठेवलं. लोक आले, प्याले, गेले. "आज जरा झणझणीत झालाय पावणा," एवढंच कारकून म्हणाला, आणि तेही खूश होऊन.

मी बायकोला म्हणालो, "माझ्या हातातली कडक गेली. मोडली." आणि मला रडू आलं. ती काहीतरी बोलायला तोंड उघडत होती, पण बाहेरून कोणीतरी हाक मारली आणि ती गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझा मेहुणा आला. पहिल्या जत्रेनंतर त्याला हुबळीकडं नोकरी लागली होती आणि इतक्या वर्षांत तो बहिणीला भेटायचा तो मुरगूडलाच. आता बदली होऊन परत आला होता. पोट सुटलेलं, चष्मा लागलेला, तरी तसाच घामेजून बाकावर टेकला. वस्तादांनी त्याला लगेच ओळखलं. "ह्ये आमचं मूळ पावणं," त्यांनी शेजारच्यांना सांगितलं. "ह्यांच्या नावानंच समदं गाव पितंय." मेहुणा लाजला. मी गुमान एक पावणा काढला, फोडला आणि त्याच्या हातात दिला.

पहिल्या घोटाला तो थांबला. दुसरा घोट नाकातून बाहेर आला. मग तोच ठसका, तीच गोळीची खडखड. चष्मा नाकावरून खाली आला. बाकावरचे सगळे हातातले पावणे खाली करून त्याच्याकडं बघत राहिले.

"आक्का," तो कसाबसा म्हणाला, "ही ती न्हवं."

मी त्याच्या हातून बाटली घेतली. का कोण जाणे, इतक्या वर्षांत पहिल्यांदा पावणा तोंडाला लावला. घसा पेटला. कानशिलं गरम झाली. छातीतून खाली ती ऊब उतरत गेली. लिंबाचा मागमूस नव्हता, गोडी गुळाची तेवढीच. मी दुसरा घोट घेऊन खात्री करून घेतली. पावण्याच्या बाटलीत कडक होती, निर्भेळ, वडिलांच्या रीतीची.

मी बाटली घेऊन आत गेलो. बायको रबरी कडी निवडत बसली होती. बाटलीकडं बघून तिला सगळं कळलं.

"कवापास्नं?" मी विचारलं.

"एकदम न्हाय केलं," ती म्हणाली. "लोकास्नी सवय झाली की पळीवर थोडं जास्त घालायची. पुढच्या साली आनि थोडं. पाक कमी कमी करत आले. लिंबू तर कवाच सोडलं. तुमीच म्हनला हुतासा न्हवं, पायरी हाय म्हनून?"

"मग मला का न्हाय सांगितलंस?"

"तुमी लगीच पाटी रंगवली असतीसा."

मला आनंद झाला. कडक मोडली नव्हती. माझा हात उतरला नव्हता. सगळी पेठ, उचगावची गिऱ्हाइकं, तो सवड नसलेला कारकून, त्याची मुलं, सगळे वर्षानुवर्षं माझ्या वडिलांची कडक पीत होते. आणि त्याच क्षणी मला असा संताप आला की बाटली फेकावीशी वाटली. कारण त्यातल्या एकालाही ते माहीत नव्हतं. ते तिला पावणा म्हणत होते आणि वडिलांच्या कडकची आठवण काढून माझ्या कडकला नावं ठेवत होते.

"आत्ता सांगतो," मी म्हणालो. "भाईर जाऊन एकेकाला सांगतो, काय पितायसा त्ये."

"सांगा की," ती कडी निवडत म्हणाली. "उद्यापास्नं समद्यास्नी ठसका लागंल."

मी दारापर्यंत गेलो आणि थांबलो. बाकावर वस्ताद बसले होते, शेजारी कारकून, पलीकडं तालमीतली नवी पोरं. सगळ्यांच्या हातात ती बाटली. शांतपणे, गप्पा मारत, घोट घोट पीत होते. कोणाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तोंडापर्यंत आलेलं वाक्य मी गिळलं, आणि ते कडकपेक्षा कडक गेलं.

मेहुणा अजून छाती चोळत होता. मला बघून ओशाळून म्हणाला, "दाजी, आक्काला म्हनावं, ती पयल्यासारखी करून दे की, फुलपात्रातली."

बायको माझ्या मागं येऊन उभी राहिली होती. हळूच म्हणाली, "घरात लिंबू न्हाय. तेवढी लिंबं आना जावा."

तेवढ्यात बाकावरून वस्तादांनी हाक दिली. त्यांचे कान अजून शाबूत होते.

"सूनबाई, पावण्याला करतीस ती मला बी दे की जरा."

शेजारचा कारकून म्हणाला, "मलापन."

मी खुंटीवरची पिशवी काढली आणि लिंबं आणायला गेलो.